‘डबल स्टँडर्ड’ला मराठीत काय म्हणायचं? दुटप्पी, दांभिक की पंक्तिप्रपंच?

तळटीप: सार्वजनिक वागणुकीवरच्या मजकुरात हल्ली सरसकट ‘दुहेरी मापदंड’ छापलेलं दिसतं. माझ्या लेखाच्या मथळ्यातही तोच आहे. त्या लेखातलंच एक उदाहरण घ्या. लोकलच्या दारात लोंबकळणारा माणूस ‘आत चला, मध्ये भरपूर जागा आहे’ म्हणून ओरडतो. स्वतः आत शिरला की पुढच्या स्टेशनावर तोच म्हणतो, ‘जागा कुठाय? मागची पकडा.’ याला दुटप्पी म्हणावं, दुतोंडी म्हणावं की दांभिक?

वाढपी: ‘दुहेरी मापदंड’ चूक नाही, पण भांडणात कुणाच्या तोंडून ऐकलाय? मराठीत आधी बघायचं की दोन बाजूंना कोण उभं आहे. शब्द त्यावरून ठरतो.

तुमचा लोकलवाला दुटप्पी. माणूस एक, मुद्दा एक, भूमिका दोन. म्हणून हा शब्द भूमिका, धोरण, बोलणं यांना चिकटून येतो. दुतोंडी वेगळा: याला एक सांगायचं, त्याला दुसरं. मांडुळाला दुतोंडी म्हणतात ते त्याची शेपटी बोथट, तोंडासारखी दिसते म्हणून. लोकलवाला सगळ्यांना एकच सांगतोय, फक्त दाराच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर वाक्य बदलतं. दांभिक म्हणायला आधी सोवळेपणाचा आव लागतो. स्वच्छतेवर भाषण ठोकून गाडीच्या खिडकीतून पाण्याची बाटली भिरकावणारा दांभिक. भाषण न देता भिरकावणारा नुसता बेशिस्त.

आता पंक्तिप्रपंच. हा शब्द अडगळीत पडलाय, आणि खरी गरज त्याचीच आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या भातावर तुपाची धार धरायची, जिलबीचा आग्रह करायचा आणि शेजारच्याच्या पानापुढून पातेलं तसंच पुढे न्यायचं, तो पंक्तिप्रपंच. इथे भेद करणारा स्वतः जेवायला बसलेला नसतो, तो वाढणारा असतो. म्हणून नियम राबवणाऱ्यांना हा शब्द नेमका बसतो. सोसायटीत मालकांच्या पाहुण्यांच्या गाड्या आत आणि भाडेकरूंच्या पाहुण्यांना गेटवर अडवणं, हा पंक्तिप्रपंच. त्याला दुटप्पीपणा म्हटलं तर अर्थ अर्धाच पोचतो, कारण अन्याय कुणावर झाला ते त्यात येत नाही.

कानोसा: आणि न्याय करणारा स्वतःच पक्षकार असेल तर ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम बघा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, तेही रात्री १२ पर्यंतच, सवलत देता येते. सवलतीचा दिवस आपल्या सणाचा असला की तो उत्साह, पलीकडच्या गल्लीचा असला की धिंगाणा. डेसिबल तेवढेच!

याच्या जोडीने ‘सोयरसुतक’ बघण्यासारखा आहे. सोयर जन्माचं, सुतक मृत्यूचं. दोन्ही भाऊबंदांनी पाळायची. परक्याला ती लागू नाहीत. म्हणून रुग्णालयापासून १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात स्पीकरच्या भिंती वाजवणाऱ्याला ‘कशाचं सोयरसुतक नाही’ म्हणतात तेव्हा रोख असा असतो की आतले रुग्ण त्याच्या हिशेबी परकेच. मात्र शब्द नकारातच वापरायचा. ‘त्याला सगळ्यांचं सोयरसुतक आहे’ असं कुणी म्हणत नाही. ‘पाचपोच’ आणि ‘धरबंध’ यांचंही बहुतेक तसंच.

तळटीप: मग बेफिकीर, बेपर्वा, बेदरकार हे एकमेकांच्या जागी चालतील?

कानोसा: चालवतात, पण चालू नयेत. बेफिकीरमध्ये कौतुकही मावतं, तरुणपणाच्या बेफिकिरीवर लोक कविता करतात. बेपर्वात दोष पक्का, पण तो निष्काळजीपणाचा. बेदरकाराला परिणाम दिसत असतात आणि तरी त्याचं काही अडत नाही. सिग्नल लागलाय हे कळलंच नाही, तो बेपर्वा; लाल दिसूनही उलट्या बाजूने घुसला, तो बेदरकार.

वाढपी: त्यात बेमुर्वतखोर राहिला. मुर्वत मूळ अरबी, ‘माणूस’ या अर्थाच्या शब्दापासून आलेली, म्हणजे मुळात माणुसकीच. मराठीत तिचा अर्थ भीड, समोरच्याची राखलेली आब असा झाला. रांगेत मध्ये घुसल्यावर कुणी हटकलं की ओशाळून मागे जाणाऱ्याला मुर्वत आहे. ‘तुमची काय गाडी सुटतेय का?’ असं उलट विचारणारा बेमुर्वतखोर. म्हणजे या शब्दाला समोरासमोरचा प्रसंग लागतो. रिकाम्या रस्त्यावर कुणी बेमुर्वतखोर होऊ शकत नाही.

शुद्धलेखनी: ‘बेमुर्वत’ म्हटल्यावर विशेषण झालंच, वर ‘खोर’ कशाला?

वाढपी: व्याकरणाने नकोच. पण भांडखोर, चुगलखोर, हरामखोर यांच्या रांगेत बसल्याशिवाय शिवीला वजन येत नाही, म्हणून लोकांनी लावला आणि रुळला. नुसतं ‘बेमुर्वत’ लिहिलंत तरी बरोबरच.

शुद्धलेखनी: आणि ‘पंक्तीप्रपंच’ नको. सुटा शब्द पंक्ती, पण समासात पहिलं पद तत्सम म्हणून ऱ्हस्व: पंक्तिप्रपंच, पंक्तिभेद.

तळटीप: दुरुस्त करतो. लोकलवाला दुटप्पीच ठेवतो, सोसायटीच्या परिच्छेदात पंक्तिप्रपंच घालतो. ‘दुहेरी मापदंड’ मथळ्यातून काढला.