जुना डॉस प्रोग्रॅम कशात लिहिलाय, कसं ओळखायचं?

कांदेवाला: बाबांच्या आडतीत १९९४ पासून पट्ट्या आणि उधारीचा एक प्रोग्रॅम आहे. लिहिणाऱ्याचा ठावठिकाणा नाही, सोर्स कोड तर नाहीच. ४८६ वर मुकाट चालायचा. विंडोज एक्सपीच्या मशिनवर स्क्रीन यायच्या आधीच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बाहेर. ईएक्सई नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला एमझेड, मग ‘पीकेलाइट’ आणि पुढे नुसता कचरा. भाऊ म्हणतो सी असणार, दिवाणजी म्हणतात फॉक्सप्रो. मला शेतकऱ्यांची खाती एक्सेलमध्ये घ्यायचीत.

जुनं_खोड: एमझेड डॉसच्या सगळ्याच ईएक्सईंना असतं, सोडा ते. फॉक्सप्रो असता तर शेजारी त्याच्या डेटाच्या डीबीएफ फायली दिसल्या असत्या. एरर २०० म्हणजे टर्बो पास्कल ७, पैज लावतो. त्याचं सीआरटी युनिट, म्हणजे स्क्रीन-कीबोर्ड सांभाळणारा तयार भाग, सुरुवातीलाच घड्याळाच्या एका टिकेत, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजतं आणि ५५ ने भागतं. प्रोसेसर वेगवान असला की भागाकार १६ बिटांत मावत नाही. शून्याने कोणी भागलेलं नसतं, पण प्रोसेसरचा इशारा (इंटरप्ट) तोच येतो, म्हणून आळ शून्यावर! डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सायकल्स (वेग) ३००० ठेवा, उघडेल.

बाइटभर: खात्री हवी तर आधी पॅकिंग उतरवा; पीकेलाइटने ईएक्सई आवळून ठेवलीय, म्हणून कचरा दिसतो. पीकेलाइटला उणे एक्स द्या, नाही जमलं तर यूएनपी हा पॅकिंग उतरवणारा प्रोग्रॅम. मग आत टर्बो पास्कल बनवणाऱ्या बोर्लंडची कॉपीराइटची ओळ शोधा. मायक्रोसॉफ्ट सी असेल तर ‘एमएस रन-टाइम लायब्ररी’ असं सापडतं. फायलीच्या तारखेवर अजिबात जाऊ नका.

कांदेवाला: सापडली! ‘पोर्शन्स कॉपीराइट १९८३,९२ बोर्लंड’. भावाला दाखवली, गप्प बसलाय. डेटा फाइल हेक्समध्ये पाहिली: ‘पाटील’ हे इंग्रजी पाच अक्षरांत, आधी ०५, मागे कुठल्यातरी लांब नावाची शेपटी. रक्कम मात्र ‘८७ ०० ०० ०० ०० ४८’. हे काय?

जुनं_खोड: ०५ ही नावाची लांबी. पास्कल ती आधी लिहितं, सी शेवटी शून्य ठेवतं. रक्कम म्हणजे पास्कलचा सहा बाइटी रिअल (अपूर्णांकी आकडा), एक्सेलला तो कळणार नाही. हेक्स ८७ म्हणजे १३५; वजा १२९, उरले ६. हेक्स ४८ म्हणजे ७२. भागिले १२८, अधिक एक, झाले १.५६२५. गुणिले ६४, म्हणजे दोनाचा सहावा घात. शंभर रुपये. फ्री पास्कलमध्ये या सहा बाइटी रिअलची, रिअल४८ ची, सोय आहे, छोटा प्रोग्रॅम लिहून एक्सेलला उघडता येणारी सीएसव्ही फाइल काढा. वर्ष दोन आकडी ठेवलंय का, तेवढं आधी बघा.