बोलण्यापेक्षा कामं बघा

पुष्कळजण म्हणतात की, दुःखाच्या घरी गेल्यावर काय बोलावं तेच सुचत नाही. अहो, बोलणाऱ्यांची तिथे वानवा नसतेच. 'कसं झालं हो?' हे येईल त्याला सांगून घरचे थकून जातात. बाबा गेले तेव्हा शेजारच्या काकू काही न बोलता पिठलं-भाताचं पातेलं ठेवून गेल्या, जाताना दारातला चपलांचा ढीगही नीट लावून गेल्या. मामेभाऊ कागदपत्रांच्या मागे लागला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते, आणि दाखला बँक, पेन्शन, विमा सगळीकडे मागतात. त्याने आधीच जास्तीच्या प्रती काढून आणल्या, आईला रांगेत उभं राहावं लागलं नाही.

हो, आणि नेत्रदान. त्याला मृत्यूनंतर साधारण ६ तासच मिळतात. पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. त्या गोंधळात घरच्यांना कुठलं आठवायला? जवळच्या कुणीतरी हळूच विचारावं. आमच्याकडे आत्याने विचारलं, नाहीतर राहूनच गेलं असतं.