ड्युटीवरची न दिसणारी माया

प्रश्न: पोलीस, फायरब्रिगेड, ॲम्ब्युलन्सवाले यांचं शौर्य बातमीत येतं, पण कुणी बघत नसताना केलेलं काय? आणि श्रद्धेचा खरंच आधार होतो का त्यांना?

– मी ॲम्ब्युलन्सवर आहे. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, हे रिपोर्टमध्ये येतं हो, पण पेशंट गेल्यावर घरचे आत यायच्या आधी रक्त पुसून, डोळे मिटवून, चादर नीट करणं ते कुठे लिहिणार.

– श्रद्धेचं म्हणाल तर न्यूयॉर्क फायर डिपार्टमेंटचे पाद्री मायकल जज, ११ सप्टेंबर २००१ ला जवानांसोबत हल्ला झालेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या टॉवरमध्ये शिरले आणि तिथेच त्यांचा जीव गेला.

– आमच्यातला एक देव अजिबात मानत नाही, पण मृत्यूची बातमी फोनवर द्यायची नाही, दारात जाऊनच सांगायची यावर तोच अडून बसतो!