विषय: सुपरिटेंडंट बदलले तरी सुधारणा टिकते ती कशी?

प्रेषक: पालक गट, कार्यकारिणी

मंडळी, सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) सुपरिटेंडंट, म्हणजे तिचे प्रमुख, तीन-चार वर्षांत जातात आणि जाताना वाचनाचा, गणिताचा कार्यक्रमही त्यांच्याबरोबर जातो. एकाच मुलाच्या वाट्याला पाच इयत्तांत तीन पद्धती येतात. हे कुठे टिकलं आहे का, आणि टिकलं असेल तर कशाच्या बळावर? पालकांनी नेमकं काय बघावं, तेही जाणकारांनी लिहावं.

---

प्रेषक: लाँग बीच

नमस्कार. टिकल्याचं उदाहरण आमच्या गावातच आहे. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच युनिफाइड या डिस्ट्रिक्टमध्ये 1992 ते 2002 कार्ल कोन, 2002 ते 2020 ख्रिस स्टाइनहाउझर आणि त्यानंतर जिल बेकर. तीस वर्षांत तिघेच. स्टाइनहाउझर आणि बेकर दोघेही याच डिस्ट्रिक्टमध्ये वर्गात शिकवून, प्रिन्सिपल होऊन, डेप्युटी सुपरिटेंडंटच्या खुर्चीवरून वर आले. त्यामुळे आल्या आल्या काहीतरी वेगळं करून दाखवण्याची गरज त्यांना पडली नाही. चालू असलेलं काम त्यांच्याच हातचं होतं.

याला नशीब म्हणू नका. खालून वर येणारी फळी तिथे मुद्दाम तयार ठेवली जाते. चांगला शिक्षक आधी कोच (इतर शिक्षकांना शिकवण्यात मदत करणारा), मग व्हाइस प्रिन्सिपल, मग प्रिन्सिपल, आणि प्रत्येक पायरीचं प्रशिक्षण डिस्ट्रिक्टचंच. 1994 पासून गावातलं सिटी कॉलेज आणि स्टेट युनिव्हर्सिटी यांच्याशी डिस्ट्रिक्टचं संगनमत आहे (चांगल्या अर्थाने!). डिस्ट्रिक्टमधले बरेच शिक्षक त्याच युनिव्हर्सिटीतून येतात, त्यामुळे वर्गात उभं राहण्याआधीच त्यांना इथली पद्धत माहीत असते. 2003 चं ब्रॉड पारितोषिक (शहरी डिस्ट्रिक्टसाठीचं राष्ट्रीय बक्षीस) मिळालं तेव्हा या कामाला दहा वर्षं उलटून गेली होती.

यात एक धोका आहे आणि तो खरा आहे. सगळी घरचीच माणसं असली की घरातली धूळ दिसेनाशी होते. म्हणून शाळावार आणि गटवार निकाल दरवर्षी उघडपणे समोर ठेवावे लागतात.

---

प्रेषक: सॅन डिएगो

लाँग बीचच्या काकांना एक पुरवणी. तेच कार्ल कोन 2005 मध्ये आमच्याकडे आले आणि 2007 संपता संपता गेले. माणूस तोच, दहा वर्षांच्या जागी दोन वर्षं! माणसावरच सगळं अवलंबून असतं, असं मानणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

त्यांच्या आधी 1998 ते 2005 ॲलन बर्सिन होते. ते शिक्षणक्षेत्रातले नव्हते, सरकारी वकील होते. शिकवण्याची बाजू त्यांनी न्यूयॉर्कच्या डिस्ट्रिक्ट 2 या शाळा विभागात नाव कमावलेल्या अँथनी अल्व्हाराडोंवर सोपवली. आखणी उत्तम होती: प्रत्येक शाळेत कोच, मागे पडलेल्या मुलांना वाचन-गणितासाठी जादा तास, प्रिन्सिपलने ऑफिसमध्ये न बसता रोज वर्गांत फिरायचं. पण डिस्ट्रिक्टवर देखरेख करणारं, निवडून आलेलं बोर्ड पाच जणांचं आणि महत्त्वाचं मतदान बहुतेक वेळा 3 विरुद्ध 2. मार्च 2000 मध्ये मुख्य आराखडा मंजूर झाला तोही तसाच. कोचचा पैसा उभा करताना वर्गातल्या मदतनीसांच्या जागा कापल्या, म्हणजे रोज मुलांजवळ बसणारं, पालकांच्या ओळखीचं माणूस गेलं. त्याआधी 1999 मध्ये काही प्रिन्सिपलना अचानक पदावरून उतरवलं होतं. शिक्षकांची युनियन पहिल्यापासून विरोधात होती, ती आणखी दुरावली. नोव्हेंबर 2004 मध्ये बोर्डाचं बहुमत फिरलं आणि बर्सिन यांना मुदतीआधी जावं लागलं.

माझ्या मते त्यांची दिशा चुकली नव्हती, वेगही मुलांच्या हिताचाच होता. पण एका मतावर उभी असलेली सुधारणा एका निवडणुकीत पडते. बोर्डात निदान 4-1 होईपर्यंत एखादा भाग मागे ठेवला असता तर उरलेला वाचला असता.

---

प्रेषक: बॉस्टन

दादा, मग निवडणूकच नको, असा अर्थ कोणी काढू नये म्हणून लिहिते. बॉस्टनमध्ये 1992 पासून शाळा समिती (म्हणजे तिथलं बोर्ड) महापौर नेमतात. सुपरिटेंडंट टॉम पेझंट 1995 ते 2006 असे अकरा वर्षं टिकले ते त्यामुळेच, कारण महापौर मेनिनो सगळा काळ त्यांच्या पाठीशी होते. 2006 मध्ये आम्हालाही ब्रॉड पारितोषिक मिळालं. पण समिती नेमलेलीच असताना पुढे 2015 ते 2022 मध्ये चँग, कॅसेलियस आणि स्किपर असे तीन सुपरिटेंडंट झाले, मधले प्रभारी वेगळेच. 2021 च्या सल्लामसलतीच्या मतदानात बहुसंख्य मतदारांनी निवडून दिलेली समिती परत मागितली. म्हणजे नेमणुकीने वेळ मिळतो, लोकांचा विश्वास मिळत नाही.

पेझंट यांच्या काळातली मोलाची गोष्ट म्हणजे कोचिंगची शिस्त. एका शाळेत शिक्षकांचा छोटा गट, सहा ते आठ आठवड्यांचा एक फेरा, एकच प्रश्न. गटाने मिळून वाचायचं, एकाच्या वर्गात सगळ्यांनी बसून पाठ बघायचा, लगेच चर्चा, मग कोचने एकेकाच्या वर्गात जायचं. हे मोडतं ते दोन ठिकाणी. एक, वेळापत्रकात गटासाठी सामाईक तास नसतो; तो शिक्षकांच्या करारात लिहिलेला नसेल तर नवा प्रिन्सिपल पहिल्याच वर्षी काढून टाकतो. दुसरं, कोचचा पगार ग्रँटमधून, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अनुदानातून येतो. कोचकडे स्वतःचा वर्ग नसतो, त्यामुळे ती जागा कापली तर दुसऱ्या दिवशी एकही पालक तक्रार करत नाही. कात्री आधी तिथेच लागते.

कोविडनंतर हेच पाहायला मिळालं. शाळांसाठीची केंद्राची मदत तीन हप्त्यांत मिळून साधारण 190 अब्ज डॉलर होती आणि शेवटच्या हप्त्यातले पैसे 30 सप्टेंबर 2024 पर्यंत कशावर खर्चायचे ते करार करून पक्कं करायचं होतं. एकदाच मिळणाऱ्या पैशावर कायमची पदं भरली, तिथे तारीख संपताच खड्डा पडला.

---

प्रेषक: लाँग बीच

ताईंचा पैशाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. कॅलिफोर्नियातल्या पालकांसाठी तो तपासायची रीत सांगतो. बजेटमध्ये पदापुढे रिसोर्स कोड असतो, म्हणजे पैसा कुठून येतो त्याचा आकडा. 0000 म्हणजे डिस्ट्रिक्टचा मोकळा पैसा, 3010 म्हणजे टाइटल वन (गरीब मुलांच्या शाळांसाठीची केंद्राची मदत), 3213 म्हणजे कोविडचा शेवटचा हप्ता. कोच किंवा वाचनतज्ज्ञ 3213 वर होते का आणि आता कुठे आहेत, एवढंच बोर्डाला विचारा. उत्तर 0000 असेल तर पद बऱ्यापैकी सुरक्षित.

वेळही सांभाळा. डिस्ट्रिक्टच्या तीन वर्षांच्या आराखड्याची सुनावणी आणि बजेट जूनमध्ये येतं, पण शिक्षकांना कपातीची पहिली नोटीस 15 मार्चपर्यंत द्यावी लागते. खरे निर्णय जानेवारी-फेब्रुवारीत होतात. बोर्डाच्या नियमित सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लागते; ती वाचूनच जा.

एच-वन व्हिसावर (नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा) असलेल्यांनी मागे राहू नये. बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येत नसलं (सॅन फ्रान्सिस्कोत अनागरिक पालकांनाही देता येतं, तिथल्यांनी नोंदणी करावी) तरी शाळेच्या साइट कौन्सिलवर (पालक आणि शाळेतल्या लोकांची समिती) बसता येतं. प्राथमिक शाळेत तिथे किमान दहा जण, त्यातले निम्मे पालक, आणि शाळेचा आराखडा व त्यातला खर्च तिथूनच जातो.

कार्यकारिणीला एक विनंती. आपलं मंडळ करमुक्त संस्था आहे, त्यामुळे मंडळाच्या नावाने कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देता येणार नाही. या ईमेल यादीवरही मंडळातर्फे तसं कोणी लिहू नये. सगळ्या उमेदवारांना समान वेळ देऊन सभा मात्र घेता येते. ती ठरवली, तर प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारा: सध्याचे सुपरिटेंडंट गेले तर आतला कोण तयार आहे, आणि त्याच्या तयारीवर गेल्या वर्षी किती पैसे खर्च झाले?