मदत हवी आहे: फ्रेंच वाक्यात 'पेर्सॉन' (कोणी नाही) आणि 'रिअँ' (काही नाही) नेमके कुठे बसतात?

डेल्फ ए२ या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी चालू आहे. 'कोणी आलं नाही'साठी 'पेर्सॉन न'ए पा व्हन्यु' लिहिलं, तर 'पा'वर काट. 'ज न'ए रिअँ व्ह्यु' (मी काही पाहिलं नाही) बरोबर, पण 'ज न'ए पेर्सॉन व्ह्यु' चूक! असं का?

खडूफळा:
मराठीत 'कोणी' नकारार्थी नाही, नकार सगळा 'नाही'त. त्यामुळे आपण सवयीने 'नाही'साठी वेगळा 'पा' घालतो. फ्रेंचमध्ये पेर्सॉन, रिअँ, ओकँ (एकही नाही) हेच 'पा'ची जागा घेतात. 'न' मात्र क्रियापदाआधी हवाच, शब्द कर्ता असला तरी: 'पेर्सॉन न'ए व्हन्यु', 'रिअँ न मार्श' (काहीच चालत नाही).

कर्ता असताना क्रियापद एकवचनी, पुल्लिंगी. 'यून पेर्सॉन' (एक व्यक्ती) स्त्रीलिंगी आहे म्हणून 'व्हन्यु'च्या शेवटी जादा ई जोडू नका. ऐकताना फरक कळत नाही, लेखी पेपरात गुण जातो.

कर्म असेल तर वर्तमानकाळात दोन्ही क्रियापदानंतर: 'ज न व्ह्वा रिअँ', 'ज न व्ह्वा पेर्सॉन'. खरी गोची पासे काँपोझेत, म्हणजे सहायक क्रियापद अधिक धातुसाधित ('व्ह्यु', 'व्हन्यु') अशा भूतकाळात. रिअँ 'पा'सारखाच सहायक क्रियापद आणि धातुसाधिताच्या मध्ये शिरतो. पेर्सॉन नामासारखा धातुसाधितानंतर: 'ज न'ए व्ह्यु पेर्सॉन'. ओकँसुद्धा आपल्या नामासकट शेवटी: 'ज न'ए व्ह्यु ओकँ फिल्म'. दोन क्रियापदं असली तरी तेच: 'ज न व्ह्यो रिअँ दीर', पण 'ज न व्ह्यो व्ह्वार पेर्सॉन'.

उंबरठा:
भर घालतो. आधी 'आ' किंवा 'द' हे संबंध दाखवणारे शब्द (प्रिपोझिशन) आले की रिअँची ती मधली जागा जाते: 'ज न'ए पाँसे आ रिअँ'. विशेषण जोडायचं तर मध्ये 'द' लागतो: 'रिअँ द नूव्हो' (नवीन काही नाही).

धागाकर्ता:
आभार! मग 'पेर्सॉन न'आ रिअँ दी' चालेल? दोन नकार मिळून होकार नाही ना होत?

खडूफळा:
बिनधास्त लिहा. 'कोणी काही बोललं नाही' एवढाच अर्थ. 'पा' सोडून या शब्दांचं आपसात छान जमतं. 'जामे' (कधीही) घातला तरी बिघडत नाही: 'पेर्सॉन न दी जामे रिअँ'.

बोलण्यात फ्रेंच लोक 'न' सर्रास गाळतात, 'जे रिअँ व्ह्यु' म्हणतात. पेपरात तसं नको. 'ऑं' (आपण, लोक) नंतर स्वर आला की जास्त जपा: 'ऑं न'आ रिअँ व्ह्यु' यात लिएझाँमुळे (शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला जोडून उच्चारल्यामुळे) 'न' आधीच ऐकू येतो, म्हणून नकाराचा 'न' लिहायचा राहून जातो.