१६०० मीटरमध्ये दुसऱ्या राउंडलाच दम भरतो, मदत हवी

धानपट्टा: भाऊ लोक, पोलीस भरतीचं ग्राउंड जवळ आलं. दुसऱ्या राउंडलेच छाती फाटल्यावानी होते. पायात जोर आहे, दमच पुरत नाही. श्वास कसा घ्यायचा ते लवकर सांगा.

कोरडवाहू: राउंड कितीचा? टायमिंग किती येते? काहीच नाही सांगितलं बावा.

पहाटवारा: नाकानंच श्वास घे. तोंड उघडलं की संपलं. मी दोन वर्षांपासून अनुलोम-विलोम करतो, दम लागतच नाही.

शिट्टी: ते हळू पळताना ठीक. बसल्या जागी मिनिटाला १२-१५ श्वास, हवा सहा लिटरच्या आसपास. जिवाच्या आकांतानं पळताना श्वास ४०-५०, हवा शंभर लिटरपर्यंत. नाकातून तेवढी जाईल का? वेग वाढला की आधी श्वास खोल होतो, मग भराभर होतो. एका टप्प्यापर्यंत बोलत पळता येतं. त्यापुढे रक्तात आम्ल वाढतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला धाप लागते, दोन शब्द फुटत नाहीत. तू तो टप्पा फार लवकर ओलांडत असशील.

पहाटवारा: म्हणजे माझा अनुभव खोटा?

शिट्टी: खोटा नाही दादा. किती वेगानं पळता?

पहाटवारा: पाच किलोमीटर, आरामात.

कोरडवाहू: गोळाफेकीचे १५ मार्क आहेत, तिकडे पण लक्ष दे.

परिचारिका_ताई: पळून थांबल्यावर खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो का रे? हिमोग्लोबिन कधी पाहिलं? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार, खूप आहे. वाहक असलेल्यालाही जोराच्या पळण्यात त्रास होऊ शकतो.

धानपट्टा: खोकला नाही ताई. तपासलं कधीच नाही. राउंड ४०० चा. ७०, ८५, ९०, १०५ सेकंद. एकूण ५:५०.

शिट्टी: हेच आधी सांगायचं! पूर्ण २० मार्कांना ५:१० लागतात, म्हणजे राउंडला साडेसत्त्याहत्तर. तू तर ७० नं सुटतो, मग श्वास काय करणार? पहिला ८५ नं काढ. आठवड्यातून तीन दिवस गप्पा मारता येतील इतकं हळू पळ, पाच-सहा किलोमीटर.

धानपट्टा: आज दोस्तानं घड्याळ धरलं. ८५, ८६, ८६, ८३. पहिल्या राउंडले पोट्टे पुढं निघून गेले, लय जीवावर आलं. दम लागला, पण शेवटच्या शंभर मीटरले.

परिचारिका_ताई: आणि रक्त?

धानपट्टा: उद्या सकाळी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जातो ताई.