'समुद्रसपाटी' म्हणजे नेमकी कुठली?

पुळणकर : कोकण किनाऱ्याच्या नकाशासाठी मराठी टिपण लिहितोय. जमिनीची उंची आणि समुद्राची खोली एकाच नकाशात जोडलीय. 'बाथिमेट्री'ला 'सागरतळमापन' केलं, पण 'डेटम'पाशी (उंची-खोली जिथून मोजतात ते शून्य) अडलोय. दोन्हीकडे 'समुद्रसपाटीपासून' लिहिलं तर चालेल का?

मोजणीदार : नको, घोळ होईल. जमिनीच्या नकाशातली समुद्रसपाटी ही भरती-ओहोटीची सरासरी. नौकानयनाच्या तक्त्यातलं, म्हणजे समुद्राच्या नकाशातलं, शून्य त्याच्या बरंच खाली, उधाणाच्या ओहोटीजवळ धरतात, म्हणजे तक्त्यात दाखवल्यापेक्षा कमी पाणी तांडेलाच्या वाट्याला सहसा येत नाही. मुंबईत अपोलो बंदरापाशी या दोन शून्यांत सुमारे २.५ मीटरचा फरक आहे. तक्त्यात काही आकड्यांखाली रेघ असते बघा. ती खोली नव्हे, ओहोटीला तो खडक किती उघडा पडतो ते. तिथला रेघेचा '१' तक्त्यात शून्याच्या वर, आणि तोच खडक जमिनीच्या हिशेबात दीड मीटर खाली! (भारतीय सर्वेक्षण विभाग आणि नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय, दोन्ही डेहराडूनला. शून्यं मात्र दोन.)

पुळणकर : मग सरसकट अडीच वजा केले की झालं?

मोजणीदार : छे! दक्षिणेकडे भरतीचा चढउतार कमी होत जातो. मुंबईचा फरक वेंगुर्ल्याला लावलात तर फसाल. खाडीत आत गेलं की गणित आणखी बदलतं. ज्या त्या बंदराचा फरक घ्या. शब्द म्हणाल तर 'सरासरी समुद्रसपाटी' आणि 'तक्ता-शून्य'.

दर्याकाठ : 'तक्ता-शून्य' कचेरीतला वाटतो. आमच्याकडे कालवं काढायला बाया अमावस्या-पुनवेची सुकती (ओहोटी) धरतात, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारच्या लहान भरती-ओहोटीला, खालचं खडप उघडंच पडत नाही. 'उधाणसुकतीची पातळी' म्हणा, कोळीवाड्यात कुणालाही कळेल.

मोजणीदार : छान आहे. पहिल्यांदा येईल तिथे दोन्ही द्या.

पुळणकर : आणि किनाऱ्यालगतचा कोरा पट्टा? मोठी बोट तिथे येत नाही, जमिनीची मोजणी तिथवर जात नाही.

मोजणीदार : पुस्तकात 'आंतरभरती क्षेत्र' असतं. मी 'भरती-ओहोटीचा पट्टा' लिहीन. विमानातून हिरवा लेझर सोडून पाण्याखालचा तळ मोजता येतो, पण खाडीच्या गढूळ पाण्यात तो फार खोल शिरत नाही. त्यापेक्षा उधाणाच्या भरतीला छोट्या होडीतून ध्वनिमापक (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र) फिरवायचा आणि सुकतीला तीच जागा पायी किंवा ड्रोनने मोजायची. दोन्ही मोजण्या एकमेकींवर बसल्या नाहीत, तर आधी शून्य तपासा.